माझ्यादेखत

दर शुक्रवारी सिग्रिड वही पुढे करते
आणि मी सही करतो.
सोमवार, साडेसात तास, सांडपाण्याच्या पाइपाला उतार.
मंगळवार, आठ तास, तांब्याला झाळ.
बुधवार, चारच. थंडीने गाडी सुरू झाली नव्हती.
नाव आयनो हाक्काला, पुढे परवान्याचा आकडा,
त्याखाली मुंगीच्या अक्षरांत छापलेलं,
हे काम माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली झालं.

प्रत्यक्ष.
म्हणजे मी त्याच छपराखाली हवा,
फोनवर नको, गाडीत कॉफी घेत नको,
तिचा पाना घसरला तर ऐकू येईल इतका जवळ.
एका परवान्यामागे एकच उमेदवार.
बोर्डाचा माणूस मागे डलुथला येऊन गेला,
सरोवरावरच्या वाऱ्यात टोपी सांभाळत तळघरात उतरला,
डोकी मोजली, दोन भरली,
आणि पुन्हा वर निघून गेला.

जानेवारीत एका गुरुवारी पारा उणे एकतीसवर.
टेकडीवरच्या हेल्मी प्युराच्या घरी भिंतीतला पाइप फुटला.
सिग्रिड दोन गल्ल्या सोडून राहते. ती पोचली.
मी पुलापलीकडे, बर्फाने पूल बंद.
"मुख्य व्हॉल्व्ह बंद केलाय," फोनवर म्हणाली.
"बाकी कशाला हात लावू नकोस."
"म्हातारीकडे घोटभर पाणी नाही. बॉयलरही थंड."
"हात लावू नकोस."
मग बराच वेळ
दोन्हीकडून नुसता वारा.

दोन तासांनी पोचलो तर
स्वयंपाकघरात किटली शिट्टी घालत होती.
भिंतीच्या भगदाडात तिचा जोड होता,
भोवती चांदीची एक बारीक कड,
ना ओघळ, ना जळका डाग.
परवाना हातात पडल्यावरही मला वर्षभर असा जमला नव्हता.

मी काही बोललो नाही.
भिंतीत कोपरापर्यंत हात घातला
आणि मागचं लाकूड चाचपलं.

मला शिकवणारा रेनो
माझ्या तासांवर बारमध्ये बसून सह्या करायचा.
मी एकोणीस वर्षांचा, हातात पेटती ज्योत.
एका घराच्या भिंतीत लाकूड तीन तास धुमसत राहिलं
आणि मी घरी जेवत होतो.
माणसं वाचली. कुत्रा नाही.
वहीत त्या दिवसाची सही स्वच्छ होती,
रेनोचं अक्षर सुरेख.

सिग्रिडचं लाकूड ओलं लागलं.
ज्योत लावण्याआधी तिने ते भिजवलं होतं.
तिला कळत होतं सगळं.
तरी मी व्हॉल्व्ह बंद केला,
कटर फिरवला,
आणि जोड कापून काढला.

"अहो, चांगला चालला होता की!" हेल्मीबाई ओरडल्या.
"हो," मी म्हटलं, "चांगलाच होता."
बादली पालथी घालून तिच्यावर बसलो.
"आता कर. माझ्यादेखत."

तिचे कान लाल झाले होते,
थंडीने की रागाने, विचारलं नाही.
लाकूड पुन्हा भिजवलं, तांबं घासलं, ज्योत पेटवली.
कोणी बघत असलं की हात वेगळेच होतात.
या वेळी एक थेंब ओघळला
आणि पाइपावर गोठून बसला,
अजून तिथेच असेल, नव्या प्लास्टरच्या आत.

कापलेला तुकडा, बोटभर लांबीचा,
माझ्या गाडीच्या खणात पडलाय.
वळणावर खणखणतो.
बोर्डाला दाखवायची सोय नाही,
फेकवतही नाही.

शुक्रवारी तिने वही पुढे केली.
गुरुवार, पाऊण तास, तांब्याला झाळ.
मी सही केली.
"आणि आधीचे दोन?"
"कुठले दोन?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं,
पाना जबडा जुळवताना बघावं तसं.
पेनाला टोपण लावलं.
"सोमवारी सात वाजता," म्हणाली,
"आणि तुम्ही वेळेवर या."